गावाच्या माळावर आकाशदर्शनाची रात्र कशी भरवावी

आकाशदर्शनाचा कार्यक्रम ठरला की मंडळी प्रथम दुर्बिणीची चौकशी करू लागतात. वास्तविक सर्वांत आधी कालनिर्णय उघडावे, कारण चंद्र आकाशात असला तर उत्तमातली उत्तम दुर्बीणही फारशी कामाला येत नाही. अमावास्येच्या दोन-तीन दिवस मागेपुढे येणारा शनिवार निवडावा. कोजागिरीला गच्चीवर माणसे आपसूक जमतात म्हणून त्याच रात्री तारे दाखवावेत असे अनेकांना वाटते. पण पौर्णिमेच्या उजेडात अंधुक तारे बुजून जातात आणि त्या रात्री चंद्रही दुर्बिणीतून सपाट दिसतो. चंद्रच दाखवायचा असेल तर शुद्ध सप्तमी-अष्टमीची संध्याकाळ घ्यावी. त्या वेळी उजेड-अंधाराच्या सीमेवरच्या विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात आणि खड्डे अगदी उठून दिसतात.

ऋतूच्या बाबतीत आपल्याकडे फारसा पर्याय नाही. ऑगस्टमधला ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव जगभर गाजतो, पण महाराष्ट्रात तो बहुधा ढगांआडच होऊन जातो. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ आपला. त्यातही १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुनेतला उल्कावर्षाव भरात असतो आणि त्याच आठवड्यात अमावास्या आली तर दुसरा मुहूर्त शोधू नये.

जागा निवडताना शहरापासूनचे अंतर पाहावेच, पण क्षितिजावर उजेडाचा घुमट कोणत्या दिशेला उठतो हेही पाहावे. आपल्याला पाहायचे बहुतेक तारे पूर्वेला उगवून दक्षिणेकडून जातात, म्हणून मोठे शहर जागेच्या उत्तरेला किंवा पश्चिमेला असलेले बरे. निवडलेल्या जागी आठवडाभर आधी एक रात्र स्वतः थांबावे. दिवसा निर्मनुष्य वाटणाऱ्या माळावर रात्री कुठल्याशा कुंपणावरचा प्रखर दिवा पेटतो, आणि हे तिथे थांबल्याशिवाय कळत नाही. जागामालक, ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणे यांना लेखी कळवावे. जमीन वनखात्याची असल्यास त्यांची परवानगी वेगळी घ्यावी. ग्रामपंचायतीला जवळचे पथदिवे काही तास बंद ठेवण्याची विनंती करताना संकोच करू नये. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ (कृत्रिम उजेडापासून राखलेल्या अंधाऱ्या आकाशाचे क्षेत्र) म्हणून मान्यता मिळाली, ती आसपासच्या गावांनी जमिनीकडे तोंड असलेले दिवे स्वीकारल्यामुळे. अंधार हा गावानेच राखायचा असतो, आणि नीट समजावून सांगितले तर गाव तो राखते, असा माझा अनुभव आहे.

आता दुर्बिणीकडे वळू. साठ माणसे आणि एक दुर्बीण असेल आणि प्रत्येकाने एक मिनिट पाहिले, तरी एका वस्तूला एक तास जातो. म्हणून वीस-पंचवीस माणसांमागे एक दुर्बीण धरावी आणि प्रत्येक दुर्बिणीवर रात्रभर वेगवेगळ्या वस्तू न दाखवता एक-दोनच दाखवाव्यात. सहा इंची आरशाची साधी दुर्बीण पुरेशी आहे. ती उजेड असतानाच उभी करून, दूरच्या एखाद्या मनोऱ्यावर रोखून तिची शोधक दुर्बीण (नेम धरण्यासाठी नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण) जुळवून घ्यावी. हे करताना ती चुकूनही सूर्याकडे वळता कामा नये. लहान मुलांसाठी शेजारी भक्कम स्टूल ठेवावे. मूल डोळा लावताना हमखास दोन्ही हातांनी नळी धरते, दुर्बीण हलते आणि शनी दृश्याबाहेर निघून जातो. म्हणून ‘हात पाठीमागे आणि फक्त डोळा पुढे’ असे रांगेतच सांगून ठेवावे.

डोळे अंधाराला सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या एका झोतात ती सारी वाया जातात. त्यामुळे सर्वांच्या विजेऱ्यांना लाल जिलेटीन कागद दोन-तीन पदरी लावावा आणि गाड्या मैदानापासून दूर, तोंड बाहेरच्या बाजूला करून उभ्या कराव्यात. जेवण अंधार पडण्यापूर्वीच उरकावे. सतरंज्या, कानटोप्या, बंद बूट आणि मध्यरात्रीचा चहा यांची सोय हवी, आणि स्त्रियांसाठी जवळच स्वच्छतागृह हवेच. ते नसेल तर ती जागा सोडून दुसरी पाहावी. दव पडू लागले की भिंगे धूसर होतात. ती रुमालाने पुसण्याचा मोह टाळावा आणि आधीपासूनच दुर्बिणीच्या तोंडाला पुठ्ठ्याची नळी बसवून ठेवावी.

रात्रीची सुरुवात दुर्बिणीने मुळीच करू नये. पहिला तासभर सर्वांना सतरंजीवर आडवे करून नुसत्या डोळ्यांनी आकाश दाखवावे. उत्तरेला शर्मिष्ठा तारकासमूहाचा ‘एम’ दाखवून तिच्यावरून ध्रुव शोधायला लावावा. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात साधारण दहा अंश व्यापते. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी असते, त्यामुळे पुण्याच्या आसपास तो जेमतेम दोन मुठी वर भेटतो. मग पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका, त्याखाली तांबूस रोहिणी, आणि मृग वर आले की त्याच्या पोटातला त्रिकांड बाण. रोहिणीचा आज पोहोचणारा प्रकाश सुमारे ६५ वर्षांपूर्वी निघालेला आहे. एका कार्यक्रमात हे सांगितल्यावर मागे घोंगडी पांघरून बसलेले एक आजोबा म्हणाले, ‘म्हणजे माझ्या जन्माच्या वर्षी निघाला तो.’ त्यानंतर कितीतरी वेळ ते एकटेच रोहिणीकडे पाहत बसले होते. सप्तर्षींच्या चौकोनाला ते ‘बाज’, म्हणजे खाट, म्हणत. गावात अशी नावे माहीत असलेली माणसे असतातच. त्यांना आधी गाठून बोलायला बसवावे. आपल्या व्याख्यानापेक्षा लोक त्यांचे अधिक मन लावून ऐकतात.

हिरवा लेझर दिशा दाखवायला उपयोगी पडतो, पण तो एकाच जाणत्या माणसाच्या हाती असावा. तो विमानाच्या दिशेने कधीही धरू नये आणि मुलांच्या हाती कदापि देऊ नये. ध्वनिक्षेपक रात्री दहाला नियमाप्रमाणे बंद करावा लागतोच. त्यापुढे लहान गटांत हळू आवाजात बोलणे अधिक चांगले.

दुर्बिणीत काय दाखवावे, याचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे ठेवावा. गुरू आकाशात असेल तर त्याचे चार चंद्र दाखवावेत, जे गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले. नंतर मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग, आणि सर्वांत शेवटी देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह. ती अंधुक ढगासारखीच दिसेल हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर छायाचित्रे पाहून आलेल्यांचा हिरमोड होतो. तो ढग सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे, हे मात्र डोळा लागलेला असतानाच कानाशी सांगावे.

ढग आले तर काय, याचा विचार आमंत्रणातच करून पुढची तारीख लिहावी. रात्रभराचा कार्यक्रम असल्यास उजाडेपर्यंत कोणालाही एकटे पायी जाऊ देऊ नये. पहाटे फटफटले की सर्वांनी ओळीने मैदानावरून चालत एक फेरी मारावी: अंधारात चष्मे, टोप्या आणि भिंगांची झाकणे पडलेली असतात, आणि ज्या माळाने आपल्याला रात्र दिली तिथे चहाचा एकही कागदी कप मागे राहता कामा नये.