ओसरीवर मुलांची नजर कशी तपासावी

पोराला फळ्यावरचं दिसतं, म्हणून घरचे निर्धास्त असतात. पण एक डोळा अधू असला तरी दुसरा सगळं भागवून नेतो आणि पोर तक्रारच करत नाही. म्हणून तपासायचा तो एकेक डोळा. चार-पाच वर्षांच्या लेकराला हे जमतं.

पांढऱ्या पुठ्ठ्यावर साडेसतरा मिलिमीटरचा चौकोन आखा. त्याचे उभे-आडवे पाच-पाच भाग पाडा, प्रत्येक साडेतीन मिलिमीटरचा. त्यात काळ्या स्केचपेननं इंग्रजी 'ई' भरा: एक उभी दांडी, तीन आडव्या सारख्या लांबीच्या, जाडी एकेक भाग, मधल्या फटीही तेवढ्याच. 6 मीटरवरून हा 'ई' ओळखता आला तर नजर निदान 6/12 आहे, म्हणजे चांगल्या डोळ्याला 12 मीटरवरून जे दिसतं ते या डोळ्याला 6 मीटरवरून दिसतं.

अंतर टेपनं मोजा, पावलांनी नको. उन्हाळ्यात सकाळी आठ-नऊची वेळ बरी; उजेड पुठ्ठ्यावर पडावा, पोराच्या डोळ्यांवर नाही.

आधी जवळून शिकवा: 'दांड्या कोणीकडे आहेत, बोटांनी दाखव.' मग तळहाताची वाटी करून एक डोळा झाका. बोटांनी झाकलं तर फटीतून पाहतात, आणि डोळा दाबला गेला तर त्यालाच नंतर थोडा वेळ अंधुक दिसतं. पुठ्ठा पाठीमागे नेऊन फिरवा, पाच वेळा दाखवा. चार बरोबर यायला हवीत. चष्मा असेल तर तो लावूनच तपासा.

एक डोळा झाकू देतं, पण दुसरा झाकला की रडतं, हात ढकलतं? हा हट्ट समजू नका. उघडा राहिलेला डोळा कमजोर असू शकतो.

अशा वेळी, किंवा पाचांपैकी चार बरोबर आली नाहीत तर, ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांची चौकशी करा, नाहीतर जिल्ह्याचं रुग्णालय गाठा. लहान मुलाचा नंबर बाहुली मोठी करणारं औषध घालून काढतात, कारण मुलं डोळ्यावर ताण देऊन नंबर लपवतात. औषधानंतर जवळचं अंधुक दिसतं, ऊन खुपतं. कोणतं औषध घातलं त्यावर हे एक दिवस राहतं, किंवा आठवडाभराहून जास्तही. म्हणून परीक्षेच्या तोंडावर नेऊ नका. आळशी डोळ्यासाठी, म्हणजे दुसऱ्याच्या भरवशावर कमजोर राहिलेल्या डोळ्यासाठी, चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, हे सात-आठ वर्षांच्या आत सुरू झालं तर गुण चांगला येतो. चष्म्यानं नंबर वाढतो, ही समजूत सोडाच.

याच पुठ्ठ्यासमोर घरच्या मोठ्यांनाही उभं करा. सुईत दोरा ओवता येत नसेल तर चाळिशी लागली असेल, पण चष्मा लावूनही लांबचं अंधुक दिसत असेल तर मोतीबिंदू, काचबिंदूची तपासणी करून घ्या.