स्ट्रडप सापडत नाही? मॅक्रो आधी, हेडर नंतर

कंपाइलरची वॉर्निंग मी एकदा 'नंतर बघू' म्हणून सोडली आणि रात्रभर सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावल्यानं होणारा क्रॅश) शोधत बसलो. वॉर्निंग होती सी भाषेतल्या स्ट्रडप या स्ट्रिंगची प्रत बनवणाऱ्या फंक्शनच्या 'इम्प्लिसिट डिक्लरेशन'ची, म्हणजे ते आधी जाहीर न करताच वापरल्याची. ते जाहीर करणारं हेडर, स्ट्रिंग डॉट एच, तर मी घेतलं होतं! मग घोळ कुठे?

घोळ कंपाइलरला दिलेल्या 'एसटीडी=सी९९' (सी भाषेचं १९९९ चं स्टँडर्ड पाळ) या पर्यायात होता. तो दिला की ग्लिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) काटेकोर होते आणि मूळ सी९९ मध्ये नसलेली फंक्शनं हेडरमध्ये लपवते. डिक्लरेशन दिसलं नाही की जुना जीसीसी कंपाइलर धरून चालतो की फंक्शन इंट (३२ बिटांचा पूर्णांक) परत करतं. ६४ बिटांच्या पॉइंटरचे वरचे ३२ बिट गेले, की पत्त्याचा बट्ट्याबोळ. जीसीसी १४ पासून ही थेट एररच आहे, बरंच झालं.

उपाय एका ओळीचा: हॅश डिफाइन करून '_पॉसिक्स_सी_सोर्स' हा मॅक्रो (हेडरनं काय दाखवायचं ते सांगणारं नाव) '२००८०९एल' ठेवा (नाव कॅपिटल अक्षरांत). पण फाइलच्या अगदी वर, पहिल्या इन्क्लूडच्याही आधी. ग्लिबसी हे मॅक्रो पहिल्या हेडरलाच तपासते. नंतर लिहिलेत तर पालथ्या घड्यावर पाणी. तुमच्याच हेडरनं आत स्टडआयओ हे हेडर ओढलं असेल, तरी उशीर झालाच.

स्ट्रकेसस्टरला (लहान-मोठी अक्षरं सारखी धरून शोधणारं फंक्शन) मात्र '_जीएनयू_सोर्स' लागतो. कोणाला काय लागतं ते त्या फंक्शनच्या मॅन पेजवर (लिनक्समधलं माहितीपान) सिनॉप्सिसखालीच असतं. फाइली बऱ्याच असतील तर मेकफाइलमध्ये डॅश डी (कंपाइलरला मॅक्रो बाहेरून देणारा पर्याय) वापरा.

प्रोटोटाइप (फंक्शनचं डिक्लरेशन) स्वतः हातानं लिहून वॉर्निंग गप्प करू नका. मी केलंय तेही.