वाफेच्या मॉडेल इंजिनाला आवाज बसवताना या चुका टाळा

डीसीसीवर (रुळातूनच डिजिटल आज्ञा देण्याच्या पद्धतीवर) चालणाऱ्या वाफेच्या मॉडेल इंजिनात साउंड डिकोडर (त्या आज्ञा वाचून मोटर चालवणारी आणि आवाज काढणारी छोटी पाटी) बसवला की बहुतेकजण आधी आवाज वाढवतात, मग मोठा स्पीकर शोधतात. पण इंजिन खोटं वाटतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने: चाकाचा फेरा आणि वाफेचे ठोके यांचा मेळ नसतो. आधी तो बसवा.

त्यासाठी खरं इंजिन किती ठोके देतं हे माहीत हवं. दोन सिलिंडरच्या इंजिनात दट्ट्या जाताना आणि येताना, दोन्ही वेळा वाफ बाहेर पडते, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके. भारतीय रेल्वेचं आपलं डब्ल्यूपी इंजिन असंच. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या प्रसिद्ध ब्रिटिश इंजिनाला तीन सिलिंडर, म्हणून सहा. चार सिलिंडर म्हणजे आठ, असं मात्र धरून चालू नका. ब्रिटनच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या ‘कॅसल’ वर्गाला चार सिलिंडर असूनही ठोके चारच ऐकू येतात. तिथल्याच सदर्न रेल्वेच्या ‘लॉर्ड नेल्सन’चे क्रँक (दट्ट्याची हालचाल चाकाला देणारे भाग) १३५ अंशांवर बसवलेले, तिथे खरोखर आठ पडतात. चुकीच्या वर्गाची ध्वनिफाईल टाकली असेल तर पुढची सगळी मेहनत वाया.

आता मोटर. ठोक्यांचा वेग डिकोडर मोटरच्या वेगावरून ठरवतो, त्यामुळे मोटर अडखळत असेल तर ठोकेही अडखळणार. लोकसाउंड ५ या डिकोडरमध्ये सीव्ही (डिकोडरमधल्या सेटिंगचा क्रमांक) ५४ ला ० द्या आणि कंट्रोलरवरचं एफ१ बटण दाबा. इंजिन क्षणभर जोरात पळतं आणि मोटरची मापं स्वतःच नोंदवून घेतं. पुढे सरळ, मोकळा रूळ ठेवा, नाहीतर इंजिन थेट टेबलाखाली जाईल.

मग मोठ्या चाकाच्या कडेवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्या. इंजिन वेगाच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत हळू पायरीवर सोडा. ठिपका खाली आल्यापासून पुन्हा खाली येईपर्यंत ठोके मोजा. कमीजास्त पडले तर सीव्ही ५७ एकेक आकड्याने बदला. हळू वेगात जमलं की वेग वाढवून सीव्ही ५८ बघा. दोन्ही एकदम बदलू नका, कशाने काय झालं तेच कळणार नाही. झिमो कंपनीच्या डिकोडरमध्ये हे काम सीव्ही २६७ करतो.

स्पीकर उघडा ठेवणं ही फार महागात पडणारी चूक. स्पीकरच्या थरथरणाऱ्या पडद्याच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींचा आवाज मारतात, म्हणून पाठीमागे बंद डबी हवीच आणि तिच्या सांध्यात फट नको. ११ बाय १५ मिलिमीटरचा इवलासा स्पीकरही नीट बंद डबीत असला की छान भरीव वाजतो. ओहमही तपासा: जुन्या लोकसाउंड ३.५ ला १०० ओहमचा स्पीकर लागायचा. त्याला आजचा ८ ओहमचा जोडलात तर अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. आवाजाची पातळी मात्र कमीच बरी. १:७६ प्रमाणातलं इंजिन दोन मीटरवरून बघणं म्हणजे खरं इंजिन दीडशे मीटरवरून बघणं, आणि तेवढ्या अंतरावरून कानठळ्या बसत नाहीत.

सीव्ही ३ (वेग किती हळू वाढावा) आणि ४ (किती हळू कमी व्हावा) शून्यावर असतील तर गाडी झटक्यात वेग घेते, आणि चढावर धापा टाकणारा जड ठोका किंवा वाफ बंद केल्यावरची दांड्यांची खणखण ऐकू यायला वेळच मिळत नाही. निदान थोडी जडता द्या.

आवाज मध्येच तुटून इंजिन पुन्हा ‘पेटायला’ लागलं तर डिकोडरला दोष देण्याआधी चाकं आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. त्यानेही भागलं नाही तरच कपॅसिटर (क्षणभर वीज साठवून देणारा भाग) जोडा. तो जोडल्यावर प्रोग्रॅमिंग रुळावर (सेटिंग वाचण्या-लिहिण्याच्या वेगळ्या रुळावर) सीव्ही वाचताना अडचण येऊ शकते. तेव्हा मुख्य रुळावरच आकडे लिहा.

आणि सीव्ही ८ ला ८ देऊन रीसेट करण्याआधी जमवलेले सगळे आकडे वहीत उतरवा. रीसेटनंतर इंजिनाचा पत्ता (कंट्रोलरवर त्याला बोलवायचा क्रमांक) पुन्हा ३ होतो, आणि ५७-५८ मधली मेहनतही पुसली जाते.