जुन्या गाडीचे बंपर आणि काळ्या पट्ट्या घरी रंगवताना

मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांचे न रंगवलेले बंपर मूळचे काळे किंवा गडद राखाडी. इंदूरचं एप्रिल-मेचं ऊन वर्षानुवर्षं खाऊन ते पांढुरके पडतात आणि बोट फिरवलं तर हाताला भुकटी लागते. ही भुकटी म्हणजे उन्हाने जळलेला प्लास्टिकचा वरचा थर. तिच्यावर मारलेला रंग पोपडे धरून निघतो, मग डबा कितीही महाग घ्या. दोन दिवसांच्या कामातला दीड दिवस धुण्या-घासण्यात जाणार, हे धरूनच सुरुवात करा.

आधी प्लास्टिक ओळखा. बंपरच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची जात सांगणारी पीपी (PP), पीपी+ईपीडीएम (PP+EPDM) किंवा एबीएस (ABS) अशी अक्षरं उठवलेली असतात. बंपर बहुतेक पीपीचे असतात, आरशांची कव्हरं बहुधा एबीएसची. अक्षरं सापडली नाहीत तर आतल्या कडेवर वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) कोरडाच फिरवा: एबीएसची कोरडी पूड पडते, पीपीचे बारीक केस उभे राहतात. घरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीला साधा गोंद धरत नाही, तसंच पीपीला रंग धरत नाही. त्यासाठी पारदर्शक प्लास्टिक प्रायमर लागतो. पत्र्याचा राखाडी प्रायमर त्याची जागा घेऊ शकत नाही, आणि सगळ्यात जास्त बंपर याच चुकीने वाया जातात.

एका बंपरला ४०० मिलीचे डबे असे लागतात: प्लास्टिक प्रायमर १, रंग २, आणि चकचकीत हवा असेल तर क्लिअर (रंगावर मारायचा पारदर्शक चमकदार थर) १. शिवाय ३२०, ४०० आणि ६०० नंबरचे वॉटर पेपर, मास्किंग टेप, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारं सुती कापड. इंदूरच्या सियागंज बाजारात रंग घेताना डब्यावर ‘प्लास्टिकसाठी’ लिहिलंय ना, ते स्वतः वाचून घ्या.

हवामानाकडे दुर्लक्ष करू नका. मे महिन्याच्या दुपारी रंगाचा फवारा पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच सुकतो आणि बंपर खरखरीत होतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत क्लिअरवर दुधाळ झाक येते. दिवाळीच्या आसपासचे कोरडे दिवस किंवा फेब्रुवारी, वेळ सकाळी दहा ते एक, जागा सावलीची आणि वाऱ्याआडची. काळ्या मातीची धूळ ओल्या रंगावर लगेच दिसते, म्हणून फरशीवर आधी पाणी शिंपडा.

बंपर काढूनच रंगवा. बोल्ट साधारण १० नंबरच्या पान्याचे असतात. गंजलेल्या बोल्टवर तेल सोडून रात्रभर ठेवा, पण ते प्लास्टिकवर ओघळू देऊ नका. जुन्या क्लिपा काढताना तुटतातच, तेव्हा नव्या आधीच आणून ठेवा. उच्च सुरक्षा नंबर प्लेटचं कुलूप मात्र तोडू नका, ते पुन्हा लागत नाही. प्लेट तशीच ठेवून कागद-टेपने झाका.

आता धुणं. भांड्यांचा साबण, गरम पाणी, हिरवी घासणी, दोन वेळा. गाडीला वर्षानुवर्षं डॅशबोर्ड पॉलिश लावलेलं असेल तर त्यातलं सिलिकॉन प्लास्टिकच्या बारीक खाचांत बसतं आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पाडतं. ते साध्या साबणाने जात नाही. सुकल्यावर अल्कोहोलने पुसा आणि दर दोनदा पुसलं की कापड बदला, नाहीतर तोच मळ पुढे सरकतो. वॉटर पेपरने घासण्याआधी पुसणं महत्त्वाचं, कारण आधी घासलं की सिलिकॉन खोल ढकललं जातं. थिनर वापरू नका, त्याने एबीएस मऊ पडतं.

मग ३२० ने भुकटीचा थर जाईपर्यंत घासा, ४०० आणि ६०० ने पाणी लावून उतरवत आणा. चमक कुठेही राहता कामा नये. खोल ओरखड्यांना प्लास्टिकची लवचिक पुट्टी वापरा, पत्र्याची पुट्टी बंपर वाकला की तडकते. दाणेदार बंपरवर पुट्टीचा गुळगुळीत डाग उठून दिसतो. तिथे दोनच मार्ग आहेत: ओरखडा तसाच सोडणं, किंवा सगळ्या बंपरवर दाणेदार बंपर पेंट मारणं. मूळ दाणा शाबूत असेल तर पहिला मार्ग बरा.

धूळ पुसून प्रायमरचा पातळ कोट द्या. त्याला घासायचं नाही. डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या आत, साधारण १० ते ३० मिनिटांत, रंग यायला हवा. ती वेळ उलटली की पकड कमी होते.

डबा दोन मिनिटं हलवा, २० ते २५ सेंटीमीटरवरून हात सरळ रेषेत न्या, प्रत्येक फेरी अर्धी आधीच्या फेरीवर यावी. पहिला कोट धुक्याइतका, खालचं प्लास्टिक दिसत राहिलं तरी चालेल. मग दहा-दहा मिनिटांनी दोन-तीन कोट. एकदाच जाड मारलात तर रंग ओघळतो. काळ्या बंपरला सॅटिन, म्हणजे मंद चमकेचा, काळाच शोभतो, त्यावर क्लिअर लागत नाही. चकचकीत काळ्यावर प्रत्येक ओरखडा दिसतो. हार्डनर घालायचा टू-के क्लिअर घरी न मारता पेंटरकडे द्या. त्यातला आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतो आणि साधा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही.

दारांवरच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचं काम असंच, फक्त त्या काढताना ड्रायरने कोमट करून मागून मासेमारीचा दोरा ओढा, म्हणजे खालचा रंग उखडत नाही. पुन्हा चिकटवायला नवी दुहेरी चिकटपट्टी घ्या. खिडक्यांच्या रबराला रंग लावू नका, काच खालीवर झाली की तो निघतो. वायपरच्या लोखंडी काड्यांना गंज खरवडून धातूचा प्रायमर आणि मॅट काळा पुरेसा. ॲम्बॅसॅडर, पद्मिनीचे क्रोमचे बंपर वेगळं प्रकरण आहे: क्रोमवर रंग टिकत नाही, ते पुन्हा प्लेटिंगलाच द्यावे लागतात.

टेप रंग अर्धवट ओला असतानाच, तिरपा ओढून काढा. बंपर २४ तास सुकू द्या, मग बसवा. बोल्ट आधी सगळे हाताने लावून घ्या आणि शेवटी आवळा, नाहीतर एका टोकाला ताण येऊन कडेचा रंग तडकतो. पहिला महिना प्रेशर पंपाने धुवू नका.