ग्रासकटर आणि नंबरचा चष्मा, माझा अनुभव

माझा नंबर मायनस साडेतीन, आणि दरवर्षी सप्टेंबरात कलमांखालचं गवत ग्रासकटरने मीच मारतो. मागच्या वर्षी एक खडा उडून थेट काचेवर, टवका उडाला, डोळा वाचला हे नशीब. मग आधी बाजारातला शंभर रुपयेवाला गॉगल चष्म्यावरून घातला, पण दहा मिनिटांत आत वाफ धरते, घामाने दोन्ही घसरतात, शेवटी वैतागून काढूनच ठेवला.

मग नंबरचाच सेफ्टी चष्मा करून घेतला. दुकानदार म्हणाला "अनब्रेकेबल" देतो, विचारलं तर साधं सीआर-३९, म्हणजे नेहमीच्या चष्म्यातलंच प्लास्टिक निघालं. मी पॉलिकार्बोनेट नावाचं चिवट प्लास्टिकच मागितलं, १.५९ इंडेक्सचं (इंडेक्स म्हणजे काच प्रकाश किती वाकवते त्याचा आकडा), हलकं असतं आणि मार बसला तरी सहसा तुकडे होत नाहीत, फक्त ओरखडे लवकर पडतात म्हणून हार्ड कोटिंग घ्याच. नुसती काच बदलून भागत नाही हां, फ्रेमपण सेफ्टीचीच हवी, दांडीवर झेड८७-२+ (नंबरच्या सेफ्टी फ्रेमवरची अमेरिकी मानकाची खूण) असं कोरलेलं बघून घेतली, साइड शील्डसकट. काळी काच मुद्दाम नाही घेतली, कलमांच्या सावलीत गवतातले दगडच दिसत नाहीत.

भाचा एअर पिस्तूल मारतो, त्यालापण हेच करून दिलं, छरा उलटून येतो कधीकधी.