चिठ्ठ्यांचा इम्प्रोव्ह गेम फसतो कामून? या चुका टाळा

इम्प्रोव्ह म्हणजे पाठांतर न करता ऐनवेळी सुचेल तसं करायचं नाटक. त्यातला हा चिठ्ठ्यांचा गेम सोपा वाटतो म्हणून आजकाल गॅदरिंगला, गणपतीत सगळेच करायलेत. पब्लिककडून एकेक वाक्य चिठ्ठीवर लिहून घ्यायचं, न वाचता खेळणाऱ्या दोघांच्या खिशात टाकायचं आणि सीन चालू असताना मधेच एक काढून तोच आपला डायलॉग म्हणून बोलायचा, बस एवढंच. आम्ही लातूरला एका मंडळात केला तेव्हा पार माती खाल्ली.

पहिली चूक मागण्यातच होते. "काहीही लिहा" म्हणलं की मागची पोरं एकतर पुढाऱ्याचं नाव लिहितात नाहीतर संडास. त्याच्यापेक्षा "घरून शेवटचा फोन आला तेव्हा काय सांगितलं?" असं नेमकं विचारा, मग बोलीतली खरी वाक्यं येतात. जात, पुढारी, कुणाच्या घरची भानगड असलं काही असेल तर निवेदकानं आधीच बाजूला काढावं, खेळणाऱ्यांनी मात्र एकही चिठ्ठी बघायची नाही. आणि सीनची जागा नि पात्रांचं नातं पब्लिकला तोंडी विचारलं तर माईकवर परत सांगा, मागच्या रांगेला घंटा काही ऐकू येत नाही.

आता खरी गोची. आमचा सीन होता पोरगी बघायचा, मी पोरीचा बाप. चिठ्ठी काढली, "टाकी भरली का बघ." ज्या गावात २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तिथं ही चिठ्ठी येणारच! लोक लई हसले आणि मी लगेच "हां, तर पोरगा काय करतो?" म्हणून मोकळा. झालं, सीन तिथंच मेला, कारण त्या वाक्यानं काहीच बदललं नाही. दुसऱ्या दिवशी तसलीच चिठ्ठी आली तर जोडीदार म्हणला, "मामा, आठ दिवसांनी नळ आलाय, आधी टाकी मग पोरगी," आणि पाव्हणे बादल्या घेऊन रांगेत उभे! हशा चिठ्ठीला एकदाच मिळतो, पुढचा सगळा ती खरी मानून खेळण्यात आहे. १९५५ ला शिकागोत कंपास प्लेयर्स नावाचा नाटकवाल्यांचा ग्रुप होता, ते पब्लिककडून सजेशन घेऊन सीन करायचे, तेव्हापासून इम्प्रोव्हवाले हेच करत आलेत. आपल्या भारुडातला सोंगाड्या तर समोर बसलेल्यालाच ओढून घेतो.

चिठ्ठी कधी काढायची? वाक्य अर्धं सोडून. "आजोबांनी जाताना एकच सांगितलं होतं..." म्हणायचं आणि खिशात हात घालायचा. लागोपाठ दोन काढू नका, जोडीदाराला दोन-चार वाक्यं बोलू द्या. अक्षर लागेना तर जे दिसतंय ते ठणकावून बोला, उजेडाकडं धरून वाचत बसलात की गेलं. एकाच्या खिशात चार-पाच चिठ्ठ्या लई झाल्या.

आणि लाईटवाल्याला आधीच सांगा, मोठा हशा आला की अंधार कर. आम्ही विसरलो होतो, पण ऐन बादल्यांच्या टायमाला गावाचीच लाईट गेली आणि पब्लिकला वाटलं हाच शेवट, टाळ्याच टाळ्या.