चाल बिघडली की लगेच "वय झालं" म्हणू नका, आधी एवढं बघा

गेल्या चवथीला मुंबईहून आत्याचा मुलगा आला आणि बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाला, मामा (म्हणजे आमचे बाबा) असे पाय घासत का चालतात? आम्ही रोज बघत होतो तरी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, चाल इतकी सावकाश बिघडते की घरातल्यांच्या डोळ्यांना तीच सवयीची होते. त्याआधी एका डॉक्टरने पण वय झालं म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या देऊन पाठवलं होतं. शेवटी निघालं एनपीएच, म्हणजे नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस.

सोप्या भाषेत सांगायचं तर मेंदूत आणि मणक्याभोवती साधारण १५० मिली पाणी असतं आणि दिवसाला जवळपास ५०० मिली नवीन तयार होतं, म्हणजे ते सतत शोषलं जायला पाहिजे. तो निचरा नीट झाला नाही की मेंदूतल्या पोकळ्या फुगतात, पण कमरेत सुई घालून प्रेशर मोजलं तर नॉर्मल येतं, म्हणून हे नाव. कोलंबियाच्या डॉ. सालोमोन हाकिम यांनी १९६५ मध्ये जगापुढे आणलेला आजार आहे हा, म्हणजे नवीन काही नाही.

आता सगळे विचारतात की असं कितीजणांना असतं. इथे आकडा वाचताना वय बघायचं, नाहीतर फसायला होतं. स्वीडनमध्ये २०१४ साली आलेल्या अभ्यासात १२०० हून जास्त म्हाताऱ्या माणसांची तपासणी आणि सीटी स्कॅन बघितले, तर ७० ते ७९ वयात ०.२ टक्के निघाले आणि ८० च्या वर थेट ५.९ टक्के! म्हणजे सत्तरीत पाचशेत एक आणि ऐंशीनंतर सतरा-अठरा जणांत एक. बायका-पुरुष फरक नाही. उलट नॉर्वेत २००८ च्या अभ्यासात एकूण लोकसंख्येत लाखामागे फक्त २२ च्या आसपास सापडले, पण त्यात तरुण पोरंपण धरलेली आणि जे तपासायला आले तेवढेच मोजलेले. माझं मत विचाराल तर हा आजार दुर्मिळ नाही, ओळखला जात नाही. आणि गोव्यात तर २०११ च्या जनगणनेतच शंभरातले ११ साठीच्या वरचे होते, आपल्या वाड्यावर ऐंशी पार केलेले किती आहेत ते मोजा म्हणजे कळेल.

घरी काय करायचं? पहिलं म्हणजे चाल बघा, कारण बहुतेक वेळा सुरुवात तिथूनच होते. पाय जमिनीला चिकटल्यासारखे, पावलं छोटी, दोन पायांत अंतर जास्त, आणि वळताना एका जागी पाच-सहा पावलं टाकावी लागतात. पार्किन्सनसारखंच वाटतं पण यात हात बऱ्यापैकी हलत असतात आणि पार्किन्सनच्या गोळ्यांनी विशेष फरक पडत नाही. मग लघवी, आधी घाई होते, न्हाणीपर्यंत पोचेपर्यंत थोडी होऊन जाते, आणि माणूस लाजेने सांगत नाही म्हणून तुम्हीच हळूच विचारा. तिसरं विसरणं, पण नावं विसरण्यापेक्षा मंदपणा जास्त, सोप्यावर तासन् तास नुसतं बसणं, उत्तर द्यायला वेळ लागणं. तिन्ही एकदम असायलाच पाहिजेत असं नाही हां.

आता खरी कामाची युक्ती. खुर्चीपासून ३ मीटरवर खडूने रेघ मारा, उठून तिथपर्यंत जाऊन वळून परत बसायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर व्हिडिओ काढून मोजा, दर महिन्याला तीच खुर्ची तीच चप्पल. आणि फॅमिली ग्रुपवर मागच्या दोन-तीन चवथींचे आरतीचे व्हिडिओ शोधा, मागे चालणारे बाबा दिसतील, तुलना तिथेच होते. डॉक्टरकडे पाच मिनिटांत जे सांगता येत नाही ते या व्हिडिओत दिसतं.

न्यूरॉलॉजिस्टकडे जा, बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, न्यूरॉलॉजी आणि न्यूरोसर्जरी दोन्ही आहेत. बी१२, थायरॉइड, मान-कमरेचे मणके, पुरुष असेल तर प्रोस्टेट, हे पण तपासून घ्या कारण या वयात एकाला दोन-तीन गोष्टी सहज असतात. एमआरआयमध्ये पोकळ्या मोठ्या दिसल्या म्हणजे एनपीएचच असं नाही, म्हातारपणी मेंदू आक्रसला तरी मोठ्या दिसतात, म्हणून रिपोर्ट वाचून घरी निदान करू नका.

मग टॅप टेस्ट. कमरेतून ३० ते ५० मिली पाणी काढतात आणि आधी-नंतरची चाल मोजतात. तुम्ही पण आपला खुर्चीवाला व्हिडिओ आधी, त्याच दिवशी नंतर आणि दुसऱ्या दिवशी काढा, सुधारणा कधीकधी हॉस्पिटलातून घरी आल्यावर दिसते. फरक नाही पडला तरी आजार नाहीच असं पक्कं म्हणता येत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सुई टोचायच्या आधीच सांगा, विसरू नका.

फरक पडला तर शंटचं ऑपरेशन सुचवतात, डोक्यातलं जादा पाणी बारीक नळीने पोटात सोडायचं. सगळ्यात जास्त सुधारते ती चाल, विसरभोळेपणाची तेवढी खात्री नाही. धोके पण आहेत, इन्फेक्शन, नळी बुजणं, डोक्यात रक्तस्राव, तेव्हा सर्जनला हे सगळं स्पष्ट विचारा. या नळीला बाहेरून सेटिंग बदलता येणारा व्हॉल्व्ह (पाणी किती सोडायचं ते ठरवणारी झडप) बसवला असेल तर त्याचं कार्ड पाकिटात ठेवा आणि पुढे कधी एमआरआय झालाच तर आधी तिथे दाखवा, कारण काही व्हॉल्व्हची सेटिंग त्या चुंबकाने हलते आणि नंतर तपासून घ्यावी लागते.